दारापासून अकरा पावलं

सून : हळू बाबा. ठमी आत्ता कुठे झोपलीय.

सासरे : मी कुजबुजतोय.

सून : तुमची कुजबुज खालच्या मजल्यापर्यंत जाते.

सासरे : जायलाच पाहिजे. सदतीस वर्षं रेडिओवर नाटकं केली ती काय झोपा काढायला?

सासूबाई : झोपा तुम्ही नाही काढल्या. ऐकणाऱ्यांनी काढल्या असतील.

सासरे : तू तुझं विणकाम कर.

सासूबाई : तेच करतेय. हात अडकलेत, कान मोकळे आहेत.

सून : चला, पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही दारात आहात. हा सोफा म्हणजे अंगणातला बाक. त्यावर तुमची मुलगी, पाठमोरी बसलीय. तुम्ही अकरा वर्षं बोटीवर होतात. पत्र नाही, निरोप नाही, काही नाही. आज आलात. एक शब्दही न बोलता तिच्यापर्यंत पोचायचंय.

सासरे : माझी दोन पानं होती या जागी. काय भाषा होती. 'बाळ, समुद्राला दार नसतं म्हणून मी…'

सून : बाबा.

सासरे : हां हां. कापली. माहितीय. त्या दिग्दर्शक पोरट्याने माझ्यासमोर पेन्सिलीने कापली. तो शाळेत जात होता तेव्हा त्याच्या आजीला मी नुसत्या आवाजावर रडवत होतो.

सून : मग त्याचं म्हणणं काय पडलं?

सासरे : सांगितलं ना तुला.

सून : आईंना नाही सांगितलंत.

सासूबाई : मला कशाला सांगतील? मला फक्त 'तालीम उत्तम झाली' एवढंच सांगतात.

सासरे : म्हणाला, 'काका, डोळे मिटून ऐकलं तर तुम्ही घरी पोचलात. डोळे उघडले तर तुम्ही अजून दारातच आहात.'

सासूबाई : पोरगा हुशार दिसतोय.

सासरे : तू कोणाच्या बाजूने आहेस?

सासूबाई : मी स्वेटरच्या बाजूने. पुढे काय म्हणाला?

सासरे : शनिवारी दाखवा म्हणाला. नाही जमलं तर दाढीवाल्याला उभा करणार.

सासूबाई : दाढीवाला कोण?

सासरे : दुसऱ्या अंकात पोस्टमन आहे. दोन मिनिटांचं काम. पूर्वी कसरतीबिसरती करायचा. जिना चढतो तेसुद्धा लोक वळून बघतात.

सून : आज बुधवार. म्हणजे तीन दुपारी, आणि ठमी जेवढी झोपेल तेवढ्याच. चला. या.

सासरे : हा आलो.

सून : थांबा. हे काय केलंत?

सासरे : आलो.

सून : आला नाहीत, मान वळवलीत. आधी भिंतीकडे तोंड होतं, मग हळूहळू तोंड इकडे आणलंत. पाय जागच्या जागी.

सासूबाई : अगं, ते रेडिओचं आहे. माईकसमोर उभं राहायचं आणि तोंड भिंतीकडे फिरवायचं, की ऐकणाऱ्याला वाटतं माणूस लांब आहे. मग तोंड माईककडे आणायचं, की माणूस जवळ आला.

सून : पूर्ण प्रवास मानेतच?

सासरे : मी एका नाटकात वाळवंट ओलांडलंय नुसत्या मानेवर.

सासूबाई : घरीही तसंच. भांडण झालं की भिंतीकडे तोंड. मला वाटतं गेले लांब, बघते तर खुर्चीतच.

सून : आता पायाने या. मान विसरा.

सासरे : असं?

सून : हे तुम्ही लाइटबिल भरायला निघालात.

सासरे : मग असं?

सून : हे काय आता?

सासरे : डुलतोय. बोटीवरचा माणूस आहे. जमिनीवर आला तरी अंगातली लाट जात नाही. मी विचार केलाय या भूमिकेचा.

सून : विचार चांगलाय. पण हे डुलणं ठमीच्या टबातल्या रबरी बदकासारखं झालंय.

सासूबाई : बदक तरी एका दिशेने जातं.

सासरे : दोघींनी मिळून ठरवलंय का आज?

सून : नाही हो. बरं, एक करू. ठमीच्या आंघोळीचं पाणी अजून ओतलं नाहीये. त्या टबात पाय बुडवा.

सासरे : का?

सून : ओल्या पायाने चाला. फरशीवर ठसे उठतील. तुम्ही काय करता ते मी सांगून तुम्हाला पटत नाही, फरशी सांगेल.

सासरे : त्यात ते बदक तरंगतंय.

सून : त्याला बाजूला करा. बाबा, पाणी कोमट आहे, काही होत नाही. पँट वर घ्या.

सासरे : सहासष्टाव्या वर्षी सून पाय धुवायला लावतेय. लग्नात मी पाहुण्यांना काय सांगत होतो आठवतं?

सून : आठवतं की. 'आमची सून चालायला शिकवते.' त्यांनी विचारलं, लहान मुलांना का? तुम्ही म्हणालात, 'छे, ज्यांना आयांनी आधीच शिकवलंय त्यांना.'

सासरे : लोक हसले होते.

सून : मीही हसले होते. आता या. सोफ्यापर्यंत. फरशीकडे बघू नका, आईंच्या पाठीकडे बघा.

सासूबाई : मी वळून बसू?

सून : हो, तुम्ही मुलगी.

सासूबाई : मुलीला स्वेटर विणलेला चालेल ना?

सून : चालेल. या बाबा. … झालं? आता मागे वळून ठसे बघा.

सासरे : बघितले. पाय सपाट आहेत माझे, ते डॉक्टरनेही सांगितलंय.

सून : ते सोडा. मोजा. एक, दोन, तीन, आणि इथे डबकं. म्हणजे थांबलात. मग परत तीन, परत डबकं. मग परत तीन. का थांबताय दर तीन पावलांनी?

सासरे : मी थांबलो?

सून : फरशी बोलतेय, मी नाही.

सासूबाई : अगो बाई. पावलंवाला.

सून : कोण?

सासूबाई : यांच्याबरोबर एक असायचा. हे माईकसमोर उभे राहून बोलायचे, आणि यांची पावलं तो वाजवायचा. दोन्ही हातात बूट घालायचा, खाली वाळूचा ट्रे. मी एकदा बघायला गेले होते. हे बोलतायत 'मी निघालो' आणि हा बाजूला ओणवा होऊन हातांनी चालतोय.

सासरे : फार मोठा कलाकार होता तो. दमलेली पावलं, दारूची पावलं, चोरपावलं, सगळी वेगळी. पण तीनच.

सून : तीनच का?

सासरे : नियमच होता आमचा. राजवाडा असो नाहीतर झोपडी, दारापासून माणसापर्यंत तीन पावलं. त्याहून जास्त वाजवली तर ऐकणारा कंटाळतो. तीन पावलं, क्षणभर थांबायचं, मग वाक्य.

सून : म्हणून तुम्ही तिसऱ्या पावलाला पोचलेले असता. मनाने. आणि वाक्य नाही म्हणून परत निघता. रंगमंचावर दारापासून बाकापर्यंत किती?

सासरे : अकरा. मी मोजलीत.

सून : तीन झाल्यावर उरलेल्या आठांत काय करायचं ते तुम्हाला कोणी शिकवलंच नाही, बाबा. शिकवायची गरजच नव्हती.

सासूबाई : सदतीस वर्षं दुसऱ्याच्या हातांवर चालले म्हण की.

सासरे : हसा. हसा. पोरीला उठवा हसून.

सून : नाही हसत. आता ऐका. प्रत्येक माणसाचं काहीतरी एक पुढे चालत असतं. बाकीचं अंग त्याच्या मागून जातं. नाट्यशाळेत नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच करायला देते. एखादा साहेब पोटाने चालतो. गाडी चुकणारा कपाळाने चालतो. खोटं बोलायला निघालेला खांद्याने, तिरका.

सासूबाई : आणि मी?

सून : तुम्ही कशाने चालता ते तुम्हीच सांगा.

सासूबाई : मी गुडघ्याने. त्यातही डाव्या. तो पुढे जाऊन बघून येतो, वाट धड आहे का, मग मी जाते.

सून : आणि बाबा हनुवटीने.

सासरे : रुबाब असतो म्हणून.

सून : नाही. माईक शोधत.

सासूबाई : हे अगदी खरं. एक वीत अंतर ठेवून उभे राहतात कुठेही. लग्नाच्या फोटोतसुद्धा आमच्या दोघांच्या मधे एक वीत.

सासरे : जास्त जवळ गेलं की श्वास घुसतो आवाजात. फसफस होते.

सासूबाई : फोटोत?

सून : आई, तुमची लोकर द्या जरा. हो, तोडा इथे. बाबा, हे टोक तुमच्या शर्टाच्या बटणाला बांधते. दुसरं आईंच्या हातात. आई पाठमोऱ्याच राहतील. धागा ताणायचा नाही आणि लोंबूही द्यायचा नाही. तुम्ही पुढे आलात की आई गुंडाळतील. तुम्ही थांबलात की त्या थांबतील.

सासरे : आणि याने काय होणार?

सून : आत्ता तुमच्या आणि त्यांच्या मधे नुसती फरशी आहे. धागा बांधला की ती जागा दोघांची होते. तुम्ही कुठेही हललात तरी तिकडे काहीतरी व्हायलाच पाहिजे. नट चालतो म्हणजे नुसता आपण नाही चालत, ही मधली जागा लहानमोठी करतो.

सासूबाई : आले. … थांबले. … ओढू नका हो. … आता ढिला सोडलात. … आता कुठे बघताय? खिडकीकडे?

सासरे : तुला कसं कळलं?

सासूबाई : धागा तिकडे गेला.

सासरे : खिडकीबाहेर कबुतर बसलं होतं.

सून : अकरा वर्षांनी मुलगी दिसलीय आणि तुम्ही कबुतर बघताय.

सासरे : बास. बास झालं हे. सोड ते बटण.

सून : बाबा…

सासरे : नाही, सोड. मी नट आहे, पतंग नाही. पाय बुडवा, धागा बांधा, हनुवटी खाली, पोट आत. आणि हे सगळं करून तो दाढीवाला नुसता जिना चढला की संपलं. मी फोन करतो त्या पोराला. म्हणावं, त्यालाच घे. माझ्याकडे आवाज होता, तो तू कापलास. आता उरलं काय माझ्यात तुला घ्यायला?

सून : आवाज खाली घ्या, प्लीज. उठेल ती.

सासरे : बघ. इथेही तेच.

सासूबाई : फोन सोफ्यावर आहे. करायचा तर करा.

सासरे : करतोच.

सासूबाई : सहा वर्षांनी कोणीतरी बोलावलंय. रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचत होतात, श्रद्धांजल्यांसकट, नुसत्या भिंतींना. या नाटकाचा निरोप आला त्या दिवसापासून मनात वाचता. मला घरात शांतता मिळाली. ती जाईल, एवढंच माझं नुकसान. करा फोन.

सासरे : तुला काय जातं बोलायला. मला येत नाही ते. बोलल्याशिवाय कोणाकडे जायचं कसं, तेच मला येत नाही.

सासूबाई : येतं.

सासरे : काय येतं?

सासूबाई : एकदा आलायत तुम्ही. न बोलता.

सासरे : कधी?

सासूबाई : तुमचा नाटकांचा विभाग बंद केला, त्या दिवशी.

सून : हे मला माहीत नाही. मी यायच्या आधीचं.

सासूबाई : दोन वर्षं आधीचं. हे एरवी दारातूनच 'आलो गं' म्हणतात. त्यावरून मला कळतं, चहा टाकायचा की आधी जेवायला वाढायचं. त्या दिवशी लॅच वाजलं आणि पुढे काहीच नाही. मी ओट्याशी वाटाणे सोलत होते. दाराकडे पाठ.

सून : मग?

सासूबाई : मग हे आले. बूट न काढता.

सासरे : काढले होते.

सासूबाई : नव्हते काढले. नंतर फरशी मी पुसलीय, मला विचारा.

सून : पण आई, तुमची पाठ होती ना? कसे आले ते कसं कळलं?

सासूबाई : बघायला कशाला लागतं. भिंतीच्या कडेने आले. वाट सगळी मोकळी होती, तरी मधून नाही आले. दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे. खुंटीचा आवाज आला नाही, म्हणजे पिशवी हातातच होती. मधे एकदा थांबले. मला वाटलं, परत जातायत. मग पुन्हा निघाले. आणि माझ्यामागे दोन पावलांवर येऊन उभे राहिले.

सासरे : किती वेळ?

सासूबाई : वाटीभर वाटाणे होईपर्यंत.

सासरे : तू वळली नाहीस.

सासूबाई : नाही.

सासरे : मला वाटलं, तुला कळलंच नाही मी आलोय.

सासूबाई : कळलं होतं. वळले असते तर तुम्ही म्हणाला असतात, 'काही नाही गं.' त्या आवाजात. आणि मला ते खरं वाटलं असतं. तुमचा आवाजच तसा आहे.

सून : बाबा.

सासरे : हं.

सून : ती पिशवी कुठाय?

सासरे : कपाटावर असेल. चेन बिघडलीय तिची.

सून : काढते. बूट घाला तुम्ही.

सासरे : घरात?

सासूबाई : घाला. पुसेन मी.

सून : हं, ही घ्या. कशी धरली होती?

सासरे : काय माहीत.

सून : हातांना विचारा. तुम्ही नका आठवू.

सासरे : … अशी. पोटाशी. दोन्ही हातांनी. आत माझा डबा होता आणि टेबलावरची पाटी होती, नावाची. तिचा कोपरा टोचत होता, म्हणून अशी तिरकी.

सासूबाई : पाटीचं मला कधी बोलला नाहीत.

सासरे : डब्याखाली ठेवली होती.

सून : आता नाटक नका करू. बोटीवरून नका येऊ. त्या दिवशीचं घर. आई ओट्याशी. या. … वजन कुठे आहे?

सासरे : मागे. टाचांवर. पाय पुढे जातायत आणि मी मागेच राहतोय.

सून : बोलू नका, मी विचारलं तरी बोलू नका. माझं चुकलं. … हं. … हं. घाई नको. … आई, कुठे आहेत?

सासूबाई : कपाटापाशी.

सून : आता?

सासूबाई : थांबलेत. … निघाले. … आले. दोन पावलांवर आहेत. त्या दिवसासारखे.

सून : धागा नव्हता या वेळी.

सासूबाई : लक्षातच नाही आलं माझ्या.

सासरे : बोलू आता?

सून : बोला.

सासरे : तीनला थांबलो का?

सून : नाही. सातव्याला थांबलात. आणि हे बघा, मधली सगळी फरशी तुम्ही सोडलीत. कडेकडेने आलात. ती मधली मोकळी जागा आता मोठी झाली. प्रेक्षक तुमच्याकडे थोडं बघतील आणि त्या मोकळ्या जागेकडे जास्त. अकरा वर्षं तिथे पडलीत, हे त्यांना तुम्ही न सांगता कळेल.

सासरे : म्हणजे मी जिथे नाही तिथे लोक बघणार. नटाचा याहून मोठा अपमान मी ऐकला नाही.

सून : तुमच्यामुळेच बघतील ना पण.

सासरे : हे गोड बोलणं झालं.

सून : उद्या दुपारी परत. परवाही. बूट आणि पिशवी तयार ठेवा. आणि आणखी एक. शनिवारी तिथे हे असंच्या असं करू नका.

सासरे : का? आत्ता तर कुठे जमलं.

सून : तिथे आई नसतील. ती मुलगी असेल. तिच्या पाठीकडे बघून जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा. या घरची पावलं त्या घरात नेऊ नका.

सासूबाई : उठली बघ ठमी.

सून : बरोब्बर वेळेत.

(शनिवार, संध्याकाळ. तीच खोली. दाराचं लॅच वाजतं.)

सासरे : आलो गं.

सून : काय झालं असेल, आई? तुम्हाला कळतं ना यांच्या 'आलो गं'वरून?

सासूबाई : आज नाही कळत बाई. आज त्यात काहीच नाही घातलेलं.

सून : बाबा, लवकर सांगा. ठमी मांडीवर पितेय, मला उठता येत नाही, छळू नका.

सासरे : आधी पाणी तर पिऊ द्या माणसाला.

सासूबाई : हे घ्या पाणी.

सासरे : तर श्रोतेहो…

सासूबाई : पाणी परत घेईन हं.

सासरे : बरं. पहिल्यांदा चुकलं.

सून : म्हणजे?

सासरे : तिसऱ्या पावलाला थांबलो. आपोआप. पाय तिथे चिकटलेच. आणि वाट बघतोय, पावलंवाला वाजवेल आता. माझ्याकडून नकळत मानही वळली बाजूला. तो दाढीवाला विंगेत खोकला.

सून : अरे देवा.

सासरे : दिग्दर्शक म्हणाला, 'काका, बसा थोडं.' म्हटलं, नाही बसत. बसलो की पाय पुन्हा माझे राहणार नाहीत. आणखी एकदा करू दे. तो घड्याळाकडे बघायला लागला. मग ती मुलगी म्हणाली, 'करू दे ना त्यांना.'

सून : बाकावरची?

सासरे : तीच. सारखं काहीतरी चघळत असते. एरवी मला आवडत नाही ती फारशी.

सासूबाई : तुम्हाला कोण आवडतं.

सासरे : दुसऱ्यांदा दारात उभा राहिलो. भिंत बघितली, तर भिंतच नाही. मोकळा रंगमंच, दोन्हीकडे काळे पडदे. कडेने जायचं तर कशाच्या? घाबरलो थोडा. मग खाली बघितलं. पडद्याची सावली पडली होती जमिनीवर, पट्ट्यासारखी. म्हटलं, उजेडात जायची आपली लायकी नाही, आपण सावलीतून जाऊ.

सून : हे मी नाही सांगितलं तुम्हाला.

सासरे : नाहीच सांगितलंस. सगळं काय तूच सांगणार? सावलीसावलीने गेलो. सावली बाकाच्या अलीकडेच संपली. पुढे उजेड. तिथे थांबलो. तिची मान दिसत होती मागून. पोरगेली मान. चघळणं बंद झालं होतं.

सासूबाई : मग?

सासरे : मला पाऊल पुढे टाकवेना. खोटं नाही, खरंच टाकवेना. मनात आलं, ही वळली तर मी काय सांगणार हिला? ती दोन पानं आठवली, समुद्राला दार नसतं वगैरे. लाज वाटली जरा.

सून : पोचलाच नाहीत म्हणजे?

सासरे : नाही. उभाच. तेवढ्यात ती सरकली.

सून : कोण, ती?

सासरे : बाकाच्या मधोमध बसली होती. न वळता, मागे न बघता, हळूच एका बाजूला झाली. एका माणसाची जागा केली.

सून : कोणी सांगितलं होतं तिला?

सासरे : कोणीच नाही. नंतर मीच विचारलं. म्हणाली, 'माहीत नाही काका, वाटलं.' कोणाला काहीच सांगितलेलं नव्हतं. रडतेयस का तू?

सून : नाही. ठमीने केस ओढले.

सासूबाई : अहो, पण त्या पोराने काय सांगितलं? काम आहे की गेलं?

सासरे : त्याने आधी दिवेवाल्याला हाक मारली. मी थांबलो होतो तिथे खूण करायला सांगितली. म्हणाला, 'काकांची जागा ही. बाकावरचा उजेड याच्या अर्धा हात अलीकडे संपव.' खाली बसून पट्टी चिकटवली ती दाढीवाल्याने. माझ्या बुटाच्या टोकाला लावून, नीट, सरळ. वर बघून म्हणाला, 'हलू नका हं काका, वाकडी जाईल.'

सून : म्हणजे आहे काम.

सासरे : आहे.

सून : आणि बाबा, तुम्हाला कोणी शिकवलं ते विचारलं का कोणी?

सासरे : विचारलं. म्हटलं, घरी एक आहे, आयांनी शिकवलेलं विसरायला लावते.

सासूबाई : या, बूट काढा आता.

सासरे : काय गं, ती दोन पानं मात्र अजून तोंडपाठ आहेत. वाया गेली. तुला म्हणून दाखवू?

सासूबाई : नको. नुसते बसा इथे.